ध्रुव टाकीमागे आहे

पुण्यात कुठलीही वस्तू गुपचूप घरात नेता येत नाही. रिक्षातून खोका उतरवत होतो, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकांनी खिडकीतून विचारलं, "गीझर का?" मी "दुर्बीण" म्हणालो, आणि रात्रीपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर ठरूनही गेलं: यंदा कोजागरीला मसाला दूध आणि दुर्बिणीतून चंद्र. हातात आठ दिवस.

आधी फाइंडर जुळवायचा. मोठ्या नळीच्या पाठीवर बसवलेली ही पिटुकली दुर्बीण. दोघींनी एकाच जागी बघावं एवढीच अपेक्षा. हे दिवसाउजेडी, लांबच्या न हलणाऱ्या वस्तूवर करतात. मी सिंहगडावरचा टीव्हीचा मनोरा धरला. मोठ्या नळीत तो दिसला, शीर्षासनात. फाइंडरमध्ये मात्र कुणाच्या तरी गच्चीवरची साडी. तासभर स्क्रू पिळल्यावर दोघींचं एकमत झालं आणि चिरंजीवांनी "बाबा, मला बघू" म्हणत नळी खाली ओढली. फाइंडरला धरून.

पण खरा घाम काढला तो ध्रुवाने. या स्टँडचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा असतो. तो लागला की एकच नॉब फिरवून तारा धरून ठेवता येतो. त्यासाठी अक्षाचं तोंड ध्रुवाकडे हवं आणि चढ गावाच्या अक्षांशाइतका. पुस्तिकेतल्या चित्रात अक्ष ऐटीत मान वर करून उभा. चित्रकार युरोपातला असावा. पुणं पडलं साडेअठरा अंशांवर. अक्ष तेवढा वाकवला की नळीचा तोल सांभाळणाऱ्या वजनाचा दांडा स्टँडच्या पायावर खाडकन आपटतो. स्टँड फिरवला, एक पाय आखूड केला, एका पायाखाली पाट सरकवला. कपडे वाळत घालणारी बायको म्हणाली, "अहो, तिला लचक भरलीये का?"

आणि ध्रुव? हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली तर क्षितिजापासून दोन मुठींनाही जरा कमीच उंचीवर. तिथे समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आहे. ध्रुवबाळाला विष्णूने अढळपद दिलं. बिल्डरने त्याच्यापुढे बारावा मजला दिला. ज्या गावात १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आयुकासारखी खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे मी ध्रुव शोधायला मोबाइलचं होकायंत्र काढलं. पुण्यात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

कोजागरीला रांग लागली. आता पौर्णिमा हा चंद्र बघायचा सर्वांत वाईट दिवस, हे कुणाला सांगणार? अष्टमीला तिरपं ऊन पडतं, सावल्या लांबतात, खड्डे उठून दिसतात. पौर्णिमेला ऊन समोरून, सावली गायब, चंद्राची नुसती ट्यूबलाइट. काकांनी बघितलं. "खड्डे कुठायत? आपल्या गल्लीत जास्त आहेत." त्यात ९० पट मोठा केलेला चंद्र नेत्रिकेत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, जेमतेम मावतो आणि दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. म्हणजे दर माणसामागे मी नॉबवर. शिवाय प्रत्येक जण आधाराला नळीच धरतो. एका वहिनींनी दुधाचा पेला हातात घेऊनच डोळा लावला, पुढच्या तिघांनी वाफेआडचा चंद्र बघितला आणि "काय सुरेख!" म्हणाले.

दूध संपलं, गच्ची रिकामी झाली. मग आजीसाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि नळी शनीकडे वळवली. मुळात दुर्बीण घेतली ती शनीच्या कड्यांसाठी. ती कडी साधारण पंधरा वर्षांनी आपल्याकडे धार करून उभी राहतात, इतकी पातळ की दिसेनाशी होतात. ते साल नेमकं २०२५. मी दुर्बीण घेतली ती २०२५ मध्येच. शनीकडून मला वेगळी अपेक्षाही नव्हती.

आजीने चष्मा कपाळावर सरकवला. बराच वेळ काही बोलली नाही.

"सुईत ओवलेला मोती आहे रे," ती म्हणाली. मग लगेच, "अरे, गेला! लाव परत."

मी नॉब फिरवला. उलटा.