भुवया मोजण्याचा उद्योग

रोहित पक्षी ओळखला म्हणून कोणी तुम्हाला विद्वान म्हणत नाही. तो उंच असतो, गुलाबी असतो आणि आपण रोहित आहोत हे लपवत नाही. पक्षीनिरीक्षकांत पत मिळवायची तर चिखलात तुरुतुरु पळणारे राखाडी-तपकिरी बारके पक्षी ओळखता यावे लागतात. आता हा रंग त्यांना मुळात ससाण्याला दिसू नये म्हणून मिळालेला. ससाण्याची नजर आणि माझा चष्मा यांतला फरक लक्षात घेता, मी त्या वाटेला जायलाच नको होतं.

पण राखीव पाणथळीवर ‘ब्रॉड-बिल्ड सँडपायपर’ नावाचा असाच एक बारका पक्षी आल्याची खबर लागली आणि मीही लाकडी लपणात गुडघे दुमडून बसलो. समोर शेकडो टिलवे, म्हणजे त्याच्यासारखेच दिसणारे चिखलातले बारके पक्षी. त्यांतच कुठेतरी तो.

पुस्तकात खुणा दिल्या होत्या. छोट्या टिलव्यापेक्षा थोडा मोठा, डनलिन नावाच्या अशाच दुसऱ्या पक्ष्यापेक्षा थोडा लहान, चोच टोकाशी किंचित खाली वाकलेली आणि डोळ्यावर दुहेरी पांढरी भुवई. हे ‘थोडा’ आणि ‘किंचित’ पक्षी हातात धरून लिहिलेले असतात, वाचायचे मात्र लांबून, उन्हाच्या झळांतून. शिवाय टिलव्यापेक्षा मोठा हे कळायला शेजारी टिलवा लागतो, तो टिलवाच आहे हे ठरवायला त्याच्याही शेजारी कोणीतरी खात्रीचं लागतं, आणि त्या चिखलात खात्रीचं असं कोणीच नव्हतं.

पायांचा रंग पाहा, असं जाणकार सांगतात. टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर, छोट्या टिलव्याचे काळे. चिखलात उभ्या असलेल्या दोघांचेही चिखलाच्या रंगाचे. चोच पाहावी तर ती सतत जमिनीत. चोचीच्या टोकाला इतकी संवेदना असते की भक्ष्य स्पर्शावरच सापडतं, तेव्हा ती निरीक्षकांसाठी बाहेर काढून ठेवण्याचं त्यांना काही कारण नसतं. पुस्तकातला ठळक पट्ट्यांचा देखणा पोशाख विणीच्या हंगामातला, उत्तरेकडच्या दलदलीत घालायचा. हिवाळ्यात हा पक्षी राखाडी होतो आणि ती दुहेरी भुवईसुद्धा फिकट पडते.

“दिसला!” शेजारचे स्कोपवाले, म्हणजे तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीचे मालक, कुजबुजले.

“कुठे?”

“त्या दगडाच्या डावीकडे.”

मी दुर्बिणीतून मोठ्या कष्टाने दगड शोधला. तेवढ्यात दगड उडाला.

दगडापाठोपाठ सगळा थवाच उडाला. वरून ससाणा गेला होता. थवा हवेत वळला, क्षणभर पांढरा दिसला, पुन्हा तपकिरी झाला आणि पत्ते पिसावेत तसा पिसून खाली उतरला. स्कोपवाल्यांनी एक दीर्घ सुस्कारा सोडून पहिल्या पक्ष्यापासून पुन्हा सुरुवात केली.

२०२२ मध्ये ‘बार-टेल्ड गॉडविट’ नावाचा एक चिखलपक्षी अलास्काहून टास्मानियाला न थांबता गेला. १३,५६० किलोमीटर, ११ दिवसांत! अंगावर ट्रान्समीटर असल्यामुळे हे कळलं. लोक त्या पक्ष्याच्या दमाचं कौतुक करतात. मला हेवा वाटतो तो ट्रान्समीटर बसवणाऱ्यांचा. पक्षी कोणता, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

अखेर तो माझ्या दुर्बिणीत आला. चोच वर, टोक वाकलेलं, आणि डोळ्यावर एक नाही, दोन पांढऱ्या रेघा! मी वही काढेपर्यंत भरतीचं पाणी चढलं. चिखल बुडाला की या मंडळींचं जेवण संपतं आणि विश्रांती सुरू होते. त्याने मान मागे वळवली, चोच पाठीच्या पिसांत खुपसली आणि तो झोपला. चोच गेली, भुवया गेल्या. मग त्याने एक पायही पोटात ओढून घेतला, म्हणजे उरलेला पुरावाही निम्म्यावर आला.

एवढ्यात दार करकरलं आणि गळ्यात कोरी दुर्बीण घातलेला एक तरुण आत आला.

“काका, काही विशेष?”

“ब्रॉड-बिल्ड आहे,” मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो.

“कोणता?”

“तो काय, झोपलेला.”

“सगळेच झोपलेत.”

“एका पायावर उभा आहे तो.”

त्याने बराच वेळ दुर्बीण फिरवली. “काका, सगळेच एका पायावर आहेत.”

“मधला,” मी म्हणालो.