इंकजेटवर फोटो छापताय? मग फाइल सीएमवायके करू नका

'फोटो छापण्याआधी सीएमवायके करा, ५७६० डीपीआय द्या, कागदाची सेटिंग कुठलीही चालते, रंग मेलेले वाटले तर व्हिविड लावा.' फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला सारखा फिरतोय. घरी किंवा स्टुडिओत इंकजेटवर छापणाऱ्यांनी तो मुळीच मानू नये.

आधी सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंची रंगपद्धत. ऑफसेटवर पत्रिका छापायची असेल तर ते ठीक. पण एप्सन, कॅननच्या फोटो प्रिंटरचा नेहमीचा ड्रायव्हर (कॉम्प्युटरवरचं प्रिंटरचं सॉफ्टवेअर) आरजीबीच, म्हणजे पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंगच मागतो, शाईचा हिशेब तो स्वतः करतो. एप्सन एल८०५ मध्ये तर लाइट सायन, लाइट मॅजेंटा धरून सहा शाई आहेत. तुम्ही चार रंगांत कोंबलेली फाइल आधी परत आरजीबी होते, मग त्या सहांत वाटली जाते. तोवर पैठणीचा राणी रंग मळलेला असतो आणि तो काही केल्या परत येत नाही. फाइल एसआरजीबी किंवा ॲडोबी आरजीबी या आरजीबीच्याच प्रकारांत ठेवा, रंग कसे वाचायचे ते सांगणारं प्रोफाइल जोडून.

५७६० डीपीआय हा एका इंचातल्या शाईच्या थेंबांचा आकडा, फोटोतल्या पिक्सेलचा नव्हे. ६×४ इंचाला १८००×१२०० पिक्सेल पुरतात.

कागदाची सेटिंग कुठलीही चालते, हे सगळ्यात घातक. कुठे किती शाई टाकायची ते ड्रायव्हर मीडिया टाइप, म्हणजे हीच कागदाची सेटिंग बघून ठरवतो. छपाईचे रंग जुळवणारी फाइल, म्हणजे आयसीसी प्रोफाइलसुद्धा ठरावीक प्रिंटर, शाई, कागद आणि त्याच मीडिया टाइपसाठी बनलेलं असतं. यातलं एक बदललं की त्या प्रोफाइलवर भरवसा ठेवता येत नाही.

आता व्हिविड. ती ड्रायव्हरची स्वतःची रंगदुरुस्ती. फोटोशॉपमध्ये 'फोटोशॉप मॅनेजेस कलर्स' निवडून प्रोफाइल लावलं असेल आणि ड्रायव्हरची दुरुस्तीही चालू राहिली, तर रंग दोनदा बदलतात. माझ्याकडे एका हळदीच्या फोटोत हेच झालं. नवरीच्या गालावरची हळद नारिंगी आली, कानाजवळची त्वचा भाजल्यासारखी तांबडी. इतक्या मायेने काढलेला फोटो तसा बघवेना. ड्रायव्हरमध्ये 'नो कलर ॲडजस्टमेंट' केलं, तीच फाइल त्याच कागदावर पुन्हा काढली आणि हळद पिवळीधमक आली.

प्रिंट काळपट वाटत असेल तर आधी मॉनिटरचा ब्राइटनेस उतरवा, पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो कागदावर अंधारा वाटणारच. आणि प्रिंट निघाल्या निघाल्या रंग जोखू नका. डाय शाई (द्रवात विरघळलेल्या रंगाची) नीट वाळू द्या, दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात बघा.