कसाबची बिर्याणी आणि ओंबळेंची काठी

माझा भाचा नववीत आहे. २६/११ वर शाळेत बोलायचं म्हणून त्याने भाषण लिहिलं, आणि त्यातलं निम्मं आमच्या बाबांनी घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डमधून जसंच्या तसं उचललं. ‘कसाबला चार वर्षं रोज बिर्याणी. त्याच्या जेवणावर कोट्यवधी उधळले, ओंबळेंना मात्र देश विसरला. त्याला चौपाटीवरच उडवायला हवा होता. शेवटी मेलाही डेंग्यूने, फाशी हे नाटक.’ बाबा, तुमच्यावर राग नाही. पण पोरगा हे माइकवर बोलायच्या आत ऐका.

बिर्याणीची गोष्ट ज्यांनी सांगितली, त्या सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच मार्च २०१५ मध्ये जयपूरला सांगून टाकलं की ती आपण रचली होती. कसाबने बिर्याणी मागितली नव्हती, कुणी दिलीही नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याच्या बातम्या चालल्या होत्या, म्हणून ही पुडी सोडली. सरकारी वकिलाने पुड्या सोडाव्यात का? मला तरी पटत नाही. कोट्यवधी खर्च झाला, हे मात्र खरं. तो गेला आयटीबीपीच्या, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या, पहाऱ्यावर आणि आर्थर रोड तुरुंगाच्या बंदोबस्तावर. जेवणाचा आकडा हजारांतच राहिला.

आता ‘चौपाटीवरच उडवायला हवा होता’. इथे माझं डोकं सणकलं.

गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत कसाब आणि त्याच्या साथीदाराची स्कोडा गाडी अडली तेव्हा सहायक फौजदार तुकाराम ओंबळेंच्या हातात काठी होती. त्यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून बाकीच्यांना दहातला एक तरी जिवंत पकडता आला. हल्लेखोरांजवळ हैदराबादच्या कॉलेजची खोटी ओळखपत्रं होती, हिंदू नावांची. दहाही मेले असते तर ते कुठले, यावर आजही भांडत बसलो असतो. पाकिस्तान हात झटकतच होता. कसाब आपलाच नागरिक, हे त्यांना ७ जानेवारी २००९ ला मान्य करावं लागलं. आणि ते बोलून दाखवणाऱ्या सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्राणींना लगेच घरी बसवलं. ओकारा जिल्ह्यातल्या फरीदकोटपर्यंतचा माग लागला तो माणूस जिवंत होता म्हणून. त्याला तिथेच गोळी घाला म्हणणाऱ्यांना ओंबळेंनी काय करून ठेवलं तेच कळलेलं नाही.

खटल्याला वेळ लागला? लागला. ३ मे २०१० ला तो दोषी ठरला, ओंबळेंच्या खुनासाठीही. तीन दिवसांनी फाशीची शिक्षा, २९ ऑगस्ट २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. आपल्याकडे बांधाचा दावा याहून लांबतो! आणि याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद या भारतीय सहआरोपींना विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी सोडलं, सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. निकाल आधीच ठरला होता, असं म्हणायला त्यामुळे कुणाला तोंड उरलं नाही.

डेंग्यूचं काय बोलायचं? २१ नोव्हेंबर २०१२, सकाळी साडेसात, येरवडा. फाशी झाली, तिथेच पुरला.

आणि ‘देश विसरला’? जावळीतल्या केडंब्याच्या ओंबळेंना २००९ मध्ये अशोकचक्र मिळालं, चौपाटीवर पुतळा आहे, ठाण्यात सापडलेल्या कोळ्याच्या (स्पायडरच्या) एका नव्या प्रजातीलाही २०२१ मध्ये त्यांचं नाव दिलं.

भाच्याच्या वहीतला बिर्याणीचा परिच्छेद मी खोडलाय. तिथे काठीबद्दल लिही म्हटलं, तर तोंड पाडून म्हणतो, “मामा, टाळ्या तिथेच पडणार होत्या.”