बेल्ट सँडरला वायर नकोच, या सल्ल्याचा मुद्देसूद समाचार

हौशी सुतारांमध्ये एक सल्ला सध्या या तोंडून त्या तोंडी फिरतोय. ब्रशलेस मोटर आणि १८ व्होल्टची लिथियम बॅटरी आल्यापासून बेल्ट सँडरलाही (दोन रोलरांवर फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्याने लाकूड घासणाऱ्या यंत्रालाही) वायरची गरज उरलेली नाही, असं त्याचं सार. ताकद तेवढीच मिळते, एका बॅटरीत टेबलाचा अख्खा माथा घासून होतो, यंत्र हलकं असतं, वायर पट्ट्यात अडकायची भीती जाते, बॅटऱ्या आधीच घरात असतात म्हणून स्वस्तही पडतं, शिवाय कार्बन ब्रशची (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या, झिजत जाणाऱ्या तुकड्यांची) कटकट कायमची मिटते. तेव्हा नव्या माणसाने वायरवाला बेल्ट सँडर घेऊच नये.

यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे. पण हा सगळा डोलारा ज्या समजुतीवर उभा आहे तीच चुकीची आहे: ड्रिल बॅटरीवर गेला, स्क्रू ठोके देत घट्ट बसवणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर गेला, म्हणजे सँडरही त्याच वाटेने जाणार. ड्रिलचं काम तुटक असतं. दोन-तीन सेकंद स्क्रू आत जातो, मग पुढचा स्क्रू उचलेपर्यंत मोटर आणि बॅटरी दोघी विसावतात. बेल्ट सँडर एकदा फळीवर टेकवला की पाच-पाच, दहा-दहा मिनिटं उचलला जात नाही आणि तेवढा वेळ भार अखंड असतो. बॅटरीच्या दृष्टीने ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

"ताकदीत आता फरक राहिलेला नाही"

हा मुद्दा वाटतो तितका पोकळ नाही. वायरवाल्या सँडरवर छापलेले ८०० वॅट म्हणजे तो भिंतीतून ओढतो ती वीज. ब्रशच्या युनिव्हर्सल मोटरमध्ये त्यातला बराच भाग उष्णतेत जातो आणि पट्ट्यापर्यंत साधारण साठ टक्क्यांच्या आसपासच पोचतो. ब्रशलेस मोटर यात कितीतरी सरस आहे. शिवाय भार वाढला की युनिव्हर्सल मोटरचा वेग लगेच उतरतो, तर ब्रशलेसचं इलेक्ट्रॉनिक्स तो बऱ्यापैकी टिकवून धरतं. त्यामुळे नुसते छापील वॅट समोरासमोर मांडून बॅटरीवाल्याला कमजोर ठरवणारेही घाई करतात. छोट्या सँडरशी तुलना केली तर बॅटरीवाला खरोखर बरोबरीला येतो.

पण 'छोट्या' हा शब्द सल्ल्यात नसतो. बॅटरीवर चालणारे बेल्ट सँडर बहुतेक करून ७५ मिलिमीटर रुंदीचे असतात. पट्टा ७५ × ४५७ किंवा ७५ × ५३३ (रुंदी × लांबी). जड कामाचा वायरवाला सँडर १०० × ६१० चा पट्टा फिरवतो. गुणाकार करून पाहा: ४५७ वाल्या पट्ट्यापेक्षा त्याच्यावर खरखरीत पृष्ठभाग पावणेदोन पटींहून जास्त आहे. म्हणजे पट्ट्याचा प्रत्येक कण तुलनेने कमी वेळा लाकडावरून जातो, थंड व्हायला त्याला जास्त उसंत मिळते आणि पट्टा उशिरा बोथट होतो. चिकटवलेल्या फळ्यांचा रुंद माथा एका पातळीत आणायचा असेल तर मोटरच्या ताकदीइतकीच ही रुंदी कामाला येते. अरुंद सँडरने रुंद माथा घासताना पट्ट्याच्या कडांच्या रेघा आणि उथळ लाटा उठतात. त्या त्याच वेळी दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर तिरक्या उजेडात सगळ्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसतात.

"एका बॅटरीत टेबलाचा माथा होतो"

खरा घोळ इथे आहे, आणि तो साध्या हिशेबाने सुटतो.

१८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत ९० वॅट-अवर ऊर्जा असते. (काही कंपन्या तिलाच २० व्होल्ट म्हणतात. पाच सेल एका ओळीत, दोन्हीकडे तेच. पूर्ण चार्ज असताना दिसणारा आकडा २० आणि काम करताना सरासरी मिळणारा १८, इतकाच भेद.) सँडर हलक्या हाताने, नव्या पट्ट्याने, मऊ लाकडावर चालवला आणि तो ३०० वॅट ओढत असेल तर १८ मिनिटं मिळतात. कठीण लाकूड, ६० नंबरचा पट्टा (नंबर जितका लहान तितका पट्टा खरखरीत) आणि फळ्यांच्या सांध्यांवर वाळलेल्या सरसाचे थर असतील तर ओढ सहज ५०० वॅटवर जाते. मग ११ मिनिटंही पुरी मिळत नाहीत. त्यातही शेवटची दोनेक मिनिटं कुरकुरत जातात, कारण व्होल्टेज उतरत आलेलं असतं.

आता माथ्याचं काम काय असतं ते आठवा. आधी ६० नंबरने तिरकं घासून उंच-सखल काढायचं, मग ८० नंबरने रेषांच्या दिशेने, मग १०० किंवा १२०. प्रत्येक नंबरला आधीच्या नंबरच्या रेघा पुसल्या जाईपर्यंत थांबता येत नाही. जेवणाच्या टेबलाएवढ्या माथ्याला हे एका ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत बसत असेल, तर एकतर माथा आधीच सपाट होता, किंवा तो अजूनही सपाट झालेला नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं की दोन बॅटऱ्या ठेवा, एक चार्ज होईल तोवर दुसरी वापरा. पण खरी अडचण चार्जरची आहे. बरा चार्जर ही बॅटरी तासाभरात भरतो. सँडर तिला दहा-अकरा मिनिटांत रिकामी करतो. एका चार्जरवर, बॅटऱ्या कितीही असोत, सुरुवातीचा साठा संपला की तासाला दहा-बारा मिनिटांचंच घासकाम निघणार, कारण भिंतीतून बॅटरीत जाणारी वीजच तेवढी आहे. त्यात तापलेली बॅटरी चार्जर लगेच स्वीकारत नाही. ती निवेपर्यंत तो लुकलुकत राहतो. सँडरमधून काढलेली बॅटरी तर गरमच असते. ८ किंवा १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीने पहिला डाव लांबतो हे खरं, पण चार्ज व्हायचा वेळही त्याच हिशेबाने लांबतो.

"वायर आड येते, बॅटरीवाला मोकळा"

बेल्ट सँडर मोकळा चालवायचाच नसतो. हाताने धरायच्या सँडरमध्ये यापेक्षा जास्त धूळ काढणारं दुसरं यंत्र क्वचितच सापडेल. त्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत भुसा जातो, पण बारीक धूळ कापडातून आरपार येते, आणि छातीत जाणारी नेमकी तीच. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. नाक आणि नाकाभोवतीच्या पोकळ्यांचा कर्करोग हे त्यामागचं मुख्य कारण. म्हणून बंद जागेत सँडरला व्हॅक्यूमची नळी लागतेच. आणि एकदा ३०-३५ मिलिमीटर जाडीची नळी मागे लोंबू लागली की तिच्यासोबतच्या बोटभर जाडीच्या वायरने अधिक काय अडतं? दोन्ही एकत्र बांधून खांद्यावरून मागे सोडल्या की वायर पट्ट्याखाली येण्याचा प्रश्नही मिटतो.

उलट इथे वायरवाल्याचा एक फायदा कुणी सांगतच नाही. सुतारकामाच्या बऱ्याच व्हॅक्यूमवर एक सॉकेट असतं. सँडरची वायर त्यात लावली की सँडर सुरू होताच व्हॅक्यूम आपोआप सुरू होतो आणि सँडर थांबल्यावर काही सेकंदांनी बंद पडतो. बॅटरीवाल्याला हीच सोय हवी तर वेगळा रिमोट नाहीतर ब्लूटूथ जुळवणारी जोडी घ्यावी लागते, नाहीतर प्रत्येक वेळी व्हॅक्यूमकडे जाऊन बटण दाबायचं.

लांब एक्स्टेन्शनमुळे मोटर मरते, असाही एक उपमुद्दा असतो. दीड चौरस मिलिमीटर तांब्याची ३० मीटर वायर घ्या. जाऊन-येऊन ६० मीटर, रोध पाऊण ओहमच्या आत. २३० व्होल्टवर हजार वॅटचा सँडर साडेचार अँपिअरच्या आसपास घेतो. म्हणजे वाटेत तीन-साडेतीन व्होल्ट पडतात. ते जाणवतही नाही. १२० व्होल्टच्या देशांत करंट जवळपास दुप्पट होतो आणि पडणाऱ्या व्होल्टेजचं प्रमाण चौपटीच्या जवळ जातं, तिथे वायर जाड घ्यावी हे योग्यच. कुठेही असा, रिळावर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळीत ती तापते.

"सुरक्षित आहे"

काही बाबतीत आहे. वायर कापली जाण्याचा धोका नाही, ओल्या अंगणात शॉकची भीती नाही. वायरवाल्यातला एक जुना अपघात तर प्रसिद्धच आहे: स्विच लॉक होऊन राहिलेला असतो, वीज गेलेली असते किंवा प्लग काढलेला असतो, आणि वीज परतताच सँडर टेबलावरून एकटाच सुसाट निघतो. प्लग लावण्याआधी स्विच तपासायची सवय नसेल तर हा धोका खरा आहे.

पण बॅटरीवाल्याची अडचण याच्या उलट बाजूने येते. पट्टा बदलताना वायरवाल्याचा प्लग काढायचं बहुतेकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. बॅटरी काढायची मात्र राहून जाते, कारण यंत्र हातात गप्प असतं आणि डोळ्यासमोर जोडलेली वायर नसते. रोलरवर बोटं आणि मुठीखाली जिवंत स्विच, अशी ती अवस्था.

"हलका आहे"

सपाट कामात सँडर जड असलेला बरा. त्याच्या स्वतःच्या वजनाने पट्टा लाकडाला धरतो, आपण फक्त दिशा द्यायची. हलका सँडर हाताने दाबला जातो, दाबला की मोटर जास्त करंट ओढते, बॅटरी लवकर संपते आणि जिथे दाब जास्त तिथे खड्डा पडतो. बॅटरी लावल्यावर छोटे बॅटरीवाले सँडरही तीन किलोच्या आसपास जातात, म्हणजे त्याच मापाच्या वायरवाल्यापेक्षा फार हलके उरत नाहीत. वरून तोल बदलतो. २ अँपिअर-अवरची बॅटरी काढून ८ ची लावली की मागचा भाग जड होतो, आणि टेकवताना मागचा रोलर आधी लागतो. बेल्ट सँडरमध्ये तेवढ्यानेच नखभर खोल चंद्रकोर उमटते.

उभ्या कामात मात्र गणित पालटतं, आणि तिथे बॅटरीवाल्याचं कौतुक मनापासून करायला हवं. बसवलेल्या कपाटाची कड भिंतीच्या वेड्यावाकड्या रेषेला जुळवणं, घट्ट बसणाऱ्या दाराची खालची धार दोन मिलिमीटर उतरवणं, शिडीवर चढून तुळईचं टोक साफ करणं. अशी कामं पाच मिनिटांची असतात, जागा अडचणीची असते आणि वीज दुसऱ्या खोलीत असते. लोकांच्या घरी जाऊन बसवणीचं काम करणाऱ्याने बॅटरीवालाच घ्यावा, बिनदिक्कत.

"बॅटऱ्या आहेतच, म्हणून स्वस्त"

घरात असतात त्या बहुधा ड्रिलसोबत आलेल्या, २ अँपिअर-अवरच्या. म्हणजे ३६ वॅट-अवर. ५०० वॅटच्या भाराला चार मिनिटं आणि काही सेकंद. सँडरसाठी मोठ्या बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि दोन मोठ्या बॅटऱ्या धरल्या की 'नुसतं यंत्र' म्हणून दिसलेली किंमत फसवी ठरते.

"ब्रशची कटकट नाही"

ब्रश झिजतात, बरोबर. बऱ्याच सँडरवर ते बाहेरून, दोन टोप्या उघडून बदलता येतात. स्क्रूड्रायव्हरने दहा मिनिटांचं काम, तेही फार क्वचित. बॅटरीही झिजतेच, फक्त तिच्या झिजेला देखभाल म्हणायची पद्धत नाही. दर वेळी पूर्ण ओढून, गरम होईपर्यंत वापरलेल्या लिथियम सेलची क्षमता काहीशे चार्जनंतर ठळकपणे उतरते, आणि सँडर बॅटरीला नेमकं असंच वापरतो.

तंत्रज्ञान जुनं, हाही त्याच दमात मारलेला टोला. जुनं आहेच. हातात धरून फिरवायचा विजेचा बेल्ट सँडर पोर्टर-केबल कंपनीने १९२६ मध्ये आणला, आणि मोटर, दोन रोलर, मधली सपाट प्लेट ही मांडणी आजही तीच आहे, बॅटरीवाल्यातसुद्धा. दशकांपूर्वीचा वायरवाला सँडर आजही सॉकेटमध्ये लावला की चालतो. निकेल-कॅडमियमच्या काळातली १८ व्होल्टची यंत्रं मात्र मोटर धडधाकट असून अडगळीत गेली, कारण त्यांना बसणारी बॅटरी कंपन्यांनी बनवणं थांबवलं. म्हणून बॅटरीवाला घेणार असाल तर तो नव्या मालिकेतला न घेता, ज्या बॅटरीवर तुमची इतर यंत्रं आधीपासून चालतात त्याच मालिकेतला घ्या.