पाठीवरचे पट्टे म्हणजे मारच?

एका पोस्टमध्ये लहान मुलाच्या पाठीवरच्या लाल पट्ट्यांचा फोटो आणि खाली मजकूर: ‘चिनी उपचार हा बहाणा आहे. असे वळ मारानेच उठतात. डाग जितका काळा, तितका मार जबर.’

वळ आणि हे पट्टे एक नव्हेत. गुआ शा, म्हणजे त्वचा घासण्याचा चिनी उपचार, करताना त्वचेला तेल लावतात आणि चिनी मातीच्या चमच्याची किंवा म्हशीच्या शिंगाच्या पट्टीची बोथट कड तिरकी धरून एकाच दिशेने ओढतात. केशवाहिन्या फुटून टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दाटीने उमटतात. पट्टे मणक्याला समांतर किंवा बरगड्यांच्या रेषेत, दोन्ही बाजूंना सारखे असतात. बहुधा 2 ते 5 दिवसांत मावळतात. छडीचा फटका बसला की दाबाखालचं रक्त दोन्ही कडांना ढकललं जातं, म्हणून मधे फिकट आणि बाजूंना दोन लाल रेघा दिसतात. शिवाय मार खाणारं मूल स्थिर बसत नाही, त्यामुळे वळ वेड्यावाकड्या दिशांना जातात, दंडावरही सापडतात. काच दाबून बघण्यात अर्थ नाही, दोन्ही डाग दाबल्याने जात नाहीत.

काळेपणावरून जोर ठरत नाही. (‘काळा डाग म्हणजे विष निघालं’ हेही तितकंच पोकळ.) कपिंग या उपचारात त्वचेवर लावलेल्या कपात हवेचा दाब कमी झाला की त्वचा आत ओढली जाते आणि गोल चट्टा उठतो. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर तेच होते. आपली तुंबडी याच जातीची. कप फार वेळ ठेवला तर फोड येतात, कपातली हवा तापवायला पेटवलेला स्पिरिटचा बोळा ठिबकला तर भाजतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हलक्या हातानेही डाग गडद उठतो.

मॉक्सा, म्हणजे पाला जाळून शेक देण्याचा चिनी उपचार, याबाबत मात्र पोस्टची शंका रास्त आहे. नागदवण्याच्या जातीच्या पाल्याचा शंकू थेट त्वचेवर जाळला, तर उरणारा गोल डाग सिगारेटच्या चटक्यासारखाच, जेमतेम सेंटिमीटरभर. गुडघ्याखाली दोन्ही पायांवर नेमक्या जागी जोडीने असेल तर उपचाराकडे कल जातो, पण भाजणं ते भाजणंच. मेळघाटात बाळाच्या पोटावर विळ्याने दिलेले डागही ‘उपचार’च म्हणवले जातात.

तेव्हा वापरलेली वस्तू मागवावी, तिची कड डागाशी ताडून पाहावी. बोलतं मूल असेल तर त्याला घरच्यांपासून वेगळं, त्रयस्थ दुभाषा घेऊन विचारावं. बाळ अजून रांगतही नसेल, तर कुणी काहीही सांगो, पूर्ण तपासणी करावीच लागते.