दुखत नाही ना? मग सोडून द्या!

गेल्या मंगळवारी मी ड्रेसिंग रूमबाहेरच्या बाकावर पावणेतीन तास बसून होतो. आत काका होते. बाहेर माझ्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत त्यांचा डावा मोजा, करंगळीखालच्या भागात वाळून पुठ्ठ्यासारखा कडक झालेला. एवढा वेळ मोजा सांभाळत बसलं की माणसाला ज्ञान होतंच. मला झालं. पायांची काळजी घ्या म्हणणारे लोक जगाला उगाच घाबरवतात. काळजी न घेणं हे खरं शास्त्र, आणि आपण बहुतेक जण त्यात उपजत तयार असतो. तरीही कोणी कच्चा राहू नये म्हणून हे मार्गदर्शन.

सगळ्यात आधी, पायांकडे बघायचं नाही. शरीरातल्या 206 हाडांपैकी 52 हाडं दोन पावलांत आहेत. जवळजवळ चौथा हिस्सा माल जिथे लावलाय ते बांधकाम मजबूतच असणार, त्यात बघायचंय काय? शिवाय तळवा डोळ्यांपासून इतका लांब आणि तोही खाली तोंड करून दिलेला आहे. दाखवायचा असता तर समोर दिला नसता?

बूट घ्यायचे तर सकाळी उठल्या उठल्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो, संध्याकाळी गेलात तर नेमका मापाचा बूट मिळण्याचा धोका असतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सुटली तर परत करा. चिमटा काढणारा बूट घ्या आणि “वापरून सैल होतो” हा मंत्र म्हणत राहा. अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे येण्याची घराण्यातच खोड असेल तर उत्तमच. काही वर्षांनी बूट पायाला बसला नाही तरी पाय बुटाला बसेल.

नखं गोल कापा, कोपरे खोलवर कोरा. सरळ कापणाऱ्यांची नखं सहसा रुतत नाहीत, बिचाऱ्यांना सुट्टीच्या दिवशी सुई घेऊन बसायला निमित्तच नसतं.

सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताच टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते आणि चार पावलं चाललं की कमी होते? लगेच जाहीर करा, “टाचेचं हाड वाढलंय.” एक्स-रेत वाढलेलं हाड कधीच न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं, हे कोणाला सांगू नका, चर्चेतली मजा जाते. बहुतेक वेळा दुखतो तो तळव्याला ताणून धरणारा जाड पट्टा. त्याला प्लॅन्टर फॅसायटिस म्हणतात, पण एवढं अवघड नाव घेण्यापेक्षा हाड वाढवणं सोपं. उठण्याआधी टॉवेलने चवडा स्वतःकडे ओढून धरणं, भिंतीला टेकून पोटरी ताणणं, कडक फरशीवर अनवाणी न फिरणं, टाचेखाली मऊ आधार ठेवणं, असलं काही डॉक्टरांनी सांगितलंच तर दोन दिवस करा आणि तिसऱ्या दिवशी “काही उपयोग नाही” म्हणून सोडा. बरं व्हायला महिने लागतात, कधी वर्षही लागतं. इतका वेळ कोणाला आहे? त्याच टाचेवर पाच वर्षं लंगडायला मात्र वेळच वेळ आहे.

चिखल्यांचं मलम खाज थांबली की त्याच दिवशी बंद करायचं. बुरशीलाही जगायचा हक्क आहे. आणि मलम निवडताना शेजाऱ्यांनी दिलेलं, स्टिरॉइडवालं निवडा. लाली झटकन जाते, बुरशी निवांत पसरते.

घोटा मुरगळला? चोळा. हाडावर नुसतं बोट दाबल्यावर काजवे चमकले आणि चार पावलं टाकता येईनात, तर आणखी जोरात चोळा. एक्स-रेत फोटो चांगला येत नाही.

नखाखाली काळा डाग दिसला तर बूट लागला असेल म्हणा. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्यालाही फुटबॉलचा मारच लागला असं वाटलं होतं. 1977 मध्ये नखाखाली मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, निघाला. 1981 मध्ये तो गेला, वय 36. माराचा डाग नख वाढेल तसा पुढे सरकतो. जो सरकत नाही किंवा रुंद होत जातो, तो दाखवायचा असतो. म्हणजे, दाखवायचा नसतो. माझा सूर सुटतोय, माफ करा.

आता भोवरीकडे येऊ. हा माझा खास विषय. पिशवीतल्या मोज्याचा इतिहास इथूनच सुरू होतो.

भोवरी झाली की ब्लेड घ्यावं. नवीन नको, दाढीचं जुनं चालतं. अंघोळीनंतर कातडी मऊ असते तेव्हा पाय मांडीवर घ्यावा आणि पेन्सिलीला टोक काढल्यासारखी भोवरी तासावी. थोडं रक्त आलं की समजावं, मुळापर्यंत पोहोचलो. (भोवरीला मूळ नसतं. एकाच जागी सतत दाब पडून कातडी जाड होते, दाब तोच राहिला की ती परत होते. पण मुळाची कल्पना मनाला फार समाधान देते.) मग दुकानातून कॉर्नची पट्टी आणावी. तिच्यात सॅलिसिलिक अॅसिड असतं, ते कातडी विरघळवतं. भोवरी कुठली आणि चांगली कातडी कुठली हे त्याला कळत नाही, पण दुकानदारालाही काही विचारावंसं वाटत नाही, मग अॅसिडकडूनच अपेक्षा का? “तुम्हाला शुगर आहे का?” एवढे चार शब्द. नाही विचारले. पाकिटावर लिहिलेलं असतं, मधुमेहींनी वापरू नये, मुंगीच्या अक्षरात. काकांना गेली 16 वर्षं शुगर आहे आणि चष्मा घरी होता.

पट्टी लावली, वर मोजा घातला, आणि हा माणूस अकरा दिवस रोज फिरायला गेला. अकरा दिवस! काकूंना पहिल्या आठवड्यातच मोज्यावर डाग दिसला होता. “बघू दाखवा” म्हणाल्या, तर काका म्हणाले, “काही दुखत नाहीये, उगाच बाऊ करू नकोस.” फॅमिली ग्रुपवर विचारलं तर सात जणांनी सात लेप सुचवले आणि एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मी त्या दिवसांत दोनदा त्यांच्या घरी गेलो. गप्पा मारल्या, बातम्या बघितल्या, त्यांच्या समोर बसून बघितल्या. पायाकडे माझंही लक्ष गेलं नाही. लंगडतही नव्हते ना. लंगडणार कसे? लंगडायला दुखावं लागतं.

शेवटी वास आला म्हणून डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी एक नायलॉनचा तंतू घेतला, ब्रशच्या केसाएवढा. तळव्यावर टेकवला की 10 ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. काकांना सांगितलं, डोळे मिटा आणि टोचलं की “हो” म्हणा. काका डोळे मिटून शहाण्या मुलासारखे बसले. डॉक्टर एकेका जागी तंतू टेकवत गेले. अंगठा. चवडा. करंगळीखाली. काका गप्प. थोड्या वेळाने काकाच म्हणाले, “करा की डॉक्टर सुरू.”

सात जागा होऊन गेल्या होत्या.

हाडापर्यंत संसर्ग गेला नाही, एक्स-रे सध्या तरी ठीक आहे. नशीब. निव्वळ नशीब, अक्कल नव्हे.

तेव्हा आता सरळच बोलतो. “दुखत नाही ना, मग काय” हे वाक्य शुगर असलेल्या माणसाच्या पायाबद्दल कोणी माझ्यासमोर उच्चारलं तर मी ऐकून घेणार नाही. दुखत नाही हीच तक्रार आहे! नसा बधिर झाल्यात, वर रक्तपुरवठाही कमी झालेला असू शकतो, म्हणून जखम कळत नाही आणि भरतही नाही. रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवा, नाहीतर घरातल्या कोणाला बघायला सांगा, लाज कसली त्यात? बुटात पाय घालण्याआधी हात घालून चाचपा. घरातही अनवाणी फिरू नका. गरम पाण्यात पाय बुडवू नका, पाय सांगणार नाही किती गरम आहे ते. ब्लेड आणि कॉर्नपट्टी फेकून द्या. वर्षातून एकदा तो तंतू लावून तपासणी करून घ्या, दहा मिनिटंही लागत नाहीत. फोड, चीर, पाणी, पू, काहीही दिसलं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे. पाय लाल, गरम, सुजलेला आणि तरीही दुखत नसेल, तर त्यावर भार न टाकता लगेच जा. आतली हाडं ढासळत असू शकतात.

आणि शुगर नसलेल्यांनी हसू नये. एकाच पोटरीला अचानक सूज आणि दुखणं, पाऊल थंड पडून पांढरं किंवा निळं होणं, जखमेपासून वर चढणारी लाल रेघ, सोबत ताप, यातलं काहीही “उद्या बघू”वालं नाही. दोन-तीन आठवड्यांत न हलणारं साधं दुखणंसुद्धा दाखवायचंच असतं. मोबाईलच्या काचेला ओरखडा गेला तर त्याच संध्याकाळी दुकान गाठता तुम्ही!

काकांचं ड्रेसिंग एक दिवसाआड चालू आहे. काल पट्टी बांधून होताच त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “आता दुखत तर नाहीये, मग अजून किती दिवस यायचं?”