एक तारा देणाऱ्या ताईंना: ७ लाख ४० हजारांचे १० लाख ६२ हजार कसे झाले

ताई, नमस्कार. तुमच्या जुन्या घराचं नूतनीकरण मी केलं, त्यावरचा तुमचा अभिप्राय मंगळवारी रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, पण रागात लिहिलेलं कोटेशन आणि रागात लिहिलेलं उत्तर, दोन्ही नंतर महागात पडतं, म्हणून तीन दिवस थांबलो. तुमचं नाव आणि सोसायटी इथे लिहीत नाही. कोथरूडमधली १९८६ची, बिनलिफ्टची इमारत, तिसरा मजला, ६४० चौरस फूट कार्पेट, एवढं वाचणाऱ्यांना पुरे.

तुम्ही लिहिलंय, "साडेसातच्या आत सांगितले आणि साडेदहाच्या वर घेतले. काम बरं आहे पण हिशेब गोड बोलून वाढवला. दीड महिन्याचं काम पावणेतीन महिने. राडारोडा उचलायचे सुद्धा वेगळे पैसे. शेजाऱ्यांचं सहा लाखांत झालं. बाई माणूस बघून अडाणी समजले." शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त लागलं. त्यावर मी काही म्हणणार नाही, आकडेच मांडतो. तुमच्याकडे बिल आहेच, ताडून बघा.

कोटेशन ७ लाख ४० हजारांचं होतं. तुम्ही दिलेत १० लाख ६२ हजार. फरक ३ लाख २२ हजार. यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग, म्हणजे १ लाख ६२ हजार, हा जीएसटी आहे. साहित्य आणि मजुरी मिळून केलेल्या अशा कामावर १८ टक्के कर लागतो. कोटेशनच्या शेवटच्या ओळीत "जीएसटी वेगळा" असं छापलेलं होतं. नियमाने मी मोकळा. पण खरं सांगू? तुमच्या जुन्या ओट्याशी उभं राहून चहा घेताना तुम्ही विचारलंत, "मग एकूण किती?" आणि मी म्हणालो, "सात चाळीस." कर तोंडातून निघाला नाही. माणूस तोंडाने ऐकलेला आकडा धरून बसतो, छापलेला नाही. तुम्ही बँकेतून ठेव मोडलीत ती सात चाळीसच्या हिशेबाने. पहिल्या दिवशीच मी "आठ त्र्याहत्तर" म्हणायला हवं होतं, कारण कोटेशनवरचाच कर १ लाख ३३ हजार २०० होत होता. ही माझी चूक, आणि ती मान्य आहे.

"टाइल्सवर दुकानदाराने कर घेतला, मग परत तुम्ही का घेता" हे तुम्ही तेव्हाही विचारलं होतं आणि मी घाईत नीट सांगितलं नाही. साहित्य घेताना मी जो कर भरतो त्याची वजावट मला मिळते, म्हणून माझे दर मी कर सोडून लावतो आणि शेवटी सगळ्यावर एकदाच कर येतो. बिल न करता काम करून देणारे भेटतात, मला माहीत आहे. पण बिल नाही म्हणजे सहा महिन्यांनी बाथरूम गळलं तर कोणाच्या नावाने ओरडायचं, हेही नाही.

आता उरले १ लाख ६० हजार. इथे जरा थांबून लिहितो, कारण घराचं काम काढायच्या विचारात असलेले बरेच जण हे वाचतात.

सगळ्यात मोठी रक्कम दोन बाथरूमची, ५८ हजार. कोटेशनमध्ये मी जुन्या लाद्या काढून नव्या लावणं आणि वरच्या थराचं वॉटरप्रूफिंग धरलं होतं. लादी निघाल्यावर खालचा कोबा, म्हणजे लादीखालचा सिमेंटचा थर, ओला लागला. त्या काळच्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूट-सव्वा फूट खाली घेतलेला असतो. तो खड्डा विटांचे तुकडे आणि सिमेंटने भरतात, आणि ड्रेनेजचे पाइप त्या भरावातच गाडलेले असतात. तुमच्याकडे बिडाचा नहाणी ट्रॅप (बाथरूमचं पाणी जमिनीतून पाइपात सोडणारं भांडं; हा आपल्या न्हाणीवरूनच आलेला शब्द, इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतही तसाच छापतात) जोडापाशी तडकला होता. पाणी वर्षानुवर्षं भरावात मुरत होतं. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला पोपडे आले होते, ते तुम्हीच मला दाखवले होतेत. अशा जागी वरून नवी लादी लावली असती तर तुमचे ५८ हजार वाचले असते आणि पुढच्या पावसाळ्याआधी काकांशी भांडण झालं असतं. पूर्ण भराव काढला, पाइप बदलले, खालपासून वॉटरप्रूफिंग केलं. मग ४८ तास पाणी भरून ठेवलं आणि काकांच्या छतावर ओल होती तिथे खडूने कड आखून आलो. कड हलली नाही, तेव्हाच वर लादी घातली.

शेजाऱ्यांचं सहा लाखांत झालं ते इथेच झालं असणार. त्यांचं काम मी पाहिलेलं नाही, म्हणून नावं ठेवत नाही. एवढंच विचारा त्यांना, बाथरूम खालपर्यंत खोललं होतं का? जुन्या लादीवर अधेसिव्हने नवी लादी बसवता येते, हॉलमध्ये मीही बसवतो, त्यात काही गैर नाही. पण गळणाऱ्या बाथरूमवर ते करणं म्हणजे जखमेवर पावडर.

दुसरी रक्कम वायरिंगची, ३६ हजार. मी फक्त पॉइंट वाढवायचे आणि बटणं बदलायची धरली होती. भिंत चिरल्यावर आत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा निघाल्या, काही ठिकाणी वरचं आवरण हाताला भुगा होऊन येत होतं, आणि अर्थिंग निम्म्या घराला नव्हतंच. तुम्हाला दोन एसी आणि गीझर हवा होता. त्याला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर स्वतंत्र आणावी लागते, सॉकेटला अडीचची, दिव्यांना दीडची. सगळं घर नव्याने ओढलं आणि शॉक लागला तर लगेच खटका पडेल असा आरसीसीबी बसवला. यात मला पश्चात्ताप नाही. हे न करता पैसे वाचवून दिले असते तर मला रात्री झोप लागली नसती.

पण एक खरं आहे. बाथरूम काय, वायरिंग काय, हे निघू शकतं याची मला कल्पना होती. पस्तीस-चाळीस वर्षांची इमारत म्हटल्यावर दहातल्या सात घरांत मला काहीतरी निघतंच. मग मी पहिल्या दिवशी का बोललो नाही? कारण बोललो की आकडा मोठा दिसतो आणि काम दुसऱ्याकडे जातं. ही आमच्या धंद्यातली गोम आहे आणि मीही त्यातलाच आहे. वडिलांच्या काळी गिऱ्हाईक दारातच विचारायचं, "आत काय निघेल?" आणि ते म्हणायचे, "फोडल्यावर कळेल, पण लाखाला वीस हजार वेगळे बांधून ठेवा." मी छापील कोटेशन द्यायला लागलो आणि ते वाक्य गळून पडलं.

लाद्यांचे ३९ हजार ६०० मात्र तुमच्या निवडीचे आहेत, ताई. कोटेशनमध्ये दोन बाय दोनची ५५ रुपये फुटाची टाइल धरली होती. दुकानात तुम्हाला आणि लेकीला दोन बाय चारची आवडली, ९८ची. दिसतेही छान. कार्पेट ६४० असलं तरी तुटफूट आणि स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी) धरून माल ७२० फूट लागला. ४३ रुपयांच्या फरकाने ३० हजार ९६०, आणि मोठ्या लादीची मजुरी फुटाला १२ रुपये जास्त, ते ८ हजार ६४०. मोठी लादी एकट्याने उचलत नाही आणि जमीन जराही उंचसखल असली तर कोपरे वर येतात, म्हणून ती मजुरी. दुकानात मी तुम्हाला दराचा फरक सांगितला, मजुरीचा सांगितला नाही. किचनच्या ट्रॉल्या साध्या जाळीच्या धरल्या होत्या, त्याजागी हळूच बंद होणारे ड्रॉवर घेतलेत, त्याचे ३४ हजार. आणि बेडरूमचं पीओपी रद्द केलंत, ते १७ हजार मी वजा केले आहेत. बिलात शेवटून तिसरी ओळ पाहा.

राहिला राडारोडा, ९ हजार ४००. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. जुन्या मोझॅक फरशीखाली तीन इंचांची भर धरून मी ब्रास काढले होते. हॉलमध्ये पाच इंच निघाली, बाथरूमचा भराव वेगळाच. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सिमेंटच्या गोण्यांत भरलं तर ऐंशीच्या आसपास गोण्या, आणि लिफ्ट नाही. बिगाऱ्यांनी पाठीवरून तीन मजले उतरवल्या, त्यांचे पैसे द्यावेच लागले. शिवाय कुठेतरी नदीकाठी टेम्पो उलटा करून पळून येणं आम्ही करत नाही. पण माझा अंदाज चुकला तर त्याची किंमत तुम्ही का द्यायची? एक फरशी आधी उचकटून पाहायला मला पंधरा मिनिटं लागली असती. ही रक्कम करासकट ११ हजार ९२ होते. तिची क्रेडिट नोट, म्हणजे बिलातून तेवढी रक्कम कमी केल्याचा कागद, काढली आहे, पैसे सोमवारी तुमच्या खात्यात येतील. बाकीची रक्कम मी परत करणार नाही. ते काम घरात आहे.

उशिराचं. ४५ दिवस म्हणालो, ८२ लागले. जादा ३७ पैकी ११ बाथरूम खोलण्यात आणि पाणी भरून ठेवण्यात गेले, १२ तुमच्या टाइलचा माल मोरबीहून यायला लागले, आणि १४ दिवस माझा सुतार गावी होता. दिवाळीला गेला तो परत यायला तयार होईना, आणि दुसरा सुतार मी उभा केला नाही. हे चौदा दिवस माझे. तेव्हा माळ्याची दारं मी पैसे न लावता करून दिली, मनाशी म्हटलं फिटलं. पण तुम्हाला बोललो नाही, त्यामुळे तुमच्या लेखी ते झालंच नाही. आणखी एक, ४५ म्हणताना मी कामाचे दिवस मोजत होतो. तुमच्या सोसायटीत दोन ते चार ठोकाठोक बंद आणि रविवारी पूर्ण बंद. तुम्ही मात्र कॅलेंडर बघून भाड्याचं घर दीड महिन्यासाठी घेतलं होतंत. पुढच्या भाड्याचा भुर्दंड माझ्या कोटेशनमध्ये कधी येत नाही, पण तुमच्या बजेटमध्ये आला. सामान हलवणं, सोसायटीचं डिपॉझिट, पंखे, पडदे, चिमणी, हेही कुठल्याच काँट्रॅक्टरच्या कागदावर नसतं. सगळं धरलं तर तुमचा खरा आकडा अकराच्या पुढे गेला असणार, आणि तो राग माझ्यावर निघाला, हे मी समजू शकतो.

या महिन्यापासून कोटेशन बदललं आहे. करासकटची रक्कम सर्वांत वर, मोठ्या अक्षरात. त्याखाली "फोडल्यावर कळणारी कामं" असा वेगळा तक्ता, त्यात बाथरूमचा भराव, वायरिंग, प्लास्टर यांचे दर आधीच लिहिलेले. आणि मधेच काही बदललं तर व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा टाकून तुमचं "हो" आल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही. तुमच्या वेळी हे सगळं फोनवर झालं, म्हणून आज तुमच्या आठवणीत वेगळं आहे आणि माझ्या डायरीत वेगळं.

तारा बदला असं मी म्हणणार नाही.

अभिप्रायात एक गोष्ट तुम्ही ओघात लिहिली आहे, बाल्कनीच्या दाराशी एक लादी पोकळ वाजते. मिस्त्री शनिवारी सकाळी दहाला येईल, दोनच्या आत उठेल. नवीन लादी आणू नका, नंतरच्या मालाचा रंग जुळत नाही. त्याच खोक्यातल्या तीन लाद्या मी माळ्यावर डाव्या हाताला, जुन्या सुटकेसच्या मागे ठेवल्या आहेत.